बाळ झोपल्यावरही चालू राहणारी लोरी (कुर्दी अंगाईंबद्दल)

शेवंती (धागाकर्ती)

मंडळी, हा धागा काढायचं बरेच महिने मनात होतं. आज बसलेच.

मी जर्मनीत कोलोनला राहते. आमच्या वरच्या मजल्यावर एक कुर्दी कुटुंब आहे. घरातल्या आजी तुर्कस्तानातल्या मार्दिनजवळच्या एका खेड्यातल्या. नव्वदच्या दशकात त्यांचं गाव रिकामं करायला लावलं आणि मग फिरत फिरत त्या इथं आल्या. तुर्की संसदेच्या समितीनं १९९८ साली जो आकडा दिला त्यात ९०५ गावं आणि २,५२३ वाड्या होत्या, माणसं ३,७८,३३५. आजींचं गाव त्यातलंच एक. कुरमांजी या कुर्दी बोलीत आजीला 'दापीर' म्हणतात, मीही त्यांना दापीरच म्हणते.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी त्यांचा डबा परत द्यायला वर गेले होते. सात महिन्यांची नात दातांनी हैराण होऊन किरकिरत होती. दापीर जमिनीवर पाय लांब करून बसल्या, बाळाला दोन्ही नडग्यांच्या मधल्या खोबणीत आडवं केलं आणि पावलं डावीउजवीकडे झुलवायला लागल्या. अगदी आपल्याकडे बाळाला पायावर घेतात तसंच. मी दारातच थांबले.

सुरुवातीला शब्द नव्हतेच. बंद ओठांतला एक हुंकार आणि बाळाच्या छातीवर हाताची थाप. मग 'लोरी लोरी, बर्खे मिन'. बर्ख म्हणजे कोकरू, बर्खे मिन म्हणजे माझं कोकरू. ओळ वरच्या सुरात सुरू व्हायची, पायरी पायरीनं खाली यायची, आणि शेवटचा स्वर श्वास संपेपर्यंत ओढला जायचा. सून माझ्या कानाशी जर्मनमध्ये अर्थ सांगत होती. आधी बाळाचं कौतुक: काळ्या डोळ्यांची, मी तुझ्यावरून ओवाळून टाकीन, तुझी झोप माझ्या झोपेत मिळो. मग बाळाचा बाप रात्रपाळीला गेलाय ते. मग त्यांच्या जुन्या घराची ओसरी, तिथली दगडी पायरी, पावसाळी रात्री गळणारं माळवद.

एवढ्यात बाळ झोपलं. डोकं एका बाजूला कललं, मूठ सुटली. गाणं थांबेल असं मला वाटलं. थांबलं नाही. आवाज उलट थोडा वर गेला. आणि सुनेनं अर्थ सांगणं बंद केलं.

नंतर जिन्यात तिनं मला सांगितलं. दापीरला एक थोरली मुलगी होती, ती गाव सोडून येताना वाटेत तापानं गेली. लग्न होऊन चार वर्षं त्या घरात राहिलेल्या सुनेला ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती. नवऱ्यानंही नाही. तिला ती कळली अशीच एका रात्री, पहिल्या मुलाच्या लोरीतून. दापीर त्या मुलीचं नाव एरवी कधीच घेत नाहीत. फक्त बाळ पायावर असताना.

पुढच्या आठवड्यात मी फोन घेऊन गेले, लोरी रेकॉर्ड करू का म्हणून विचारलं. दापीरनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, 'बाळ कुठंय?' बाळ डॉक्टरकडे गेलं होतं. मग नाही. बाळाशिवाय लोरी म्हणायची म्हणजे रिकामा पाळणा हलवण्यासारखं आहे, आणि रिकामा पाळणा कुणी हलवत नाही. ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण 'रिकामा पाळणा हलवू नये गं' हे वाक्य मी लहानपणी माझ्या आजीकडून शंभरदा ऐकलंय.

थोडी शब्दांची ओळख करून देते. कुर्द लोक मुख्यतः तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया या चार देशांत विभागलेले. कुरमांजीत अंगाईला 'लोरी' म्हणतात (हो, हिंदीसारखंच), सोरानी बोलीत 'लायेलाये'. पाळण्याला कुरमांजीत 'लांदिक' किंवा 'देरगूश', सोरानीत 'बेश्के'. झोपेला 'खेव'. लोरीचे शब्द ठरलेले नसतात. 'लोरी लोरी' हे पालुपद, दोनचार नेहमीची विशेषणं, बाकी सगळं त्या रात्रीचं.

मला बोलायचंय ते या बाकीच्याबद्दल. ही गाणी बाळासाठी आहेत की बाळाच्या आडून? तुमच्यापैकी कुणी कुर्दी भागात राहिलंय का? संगीतातल्या जाणकारांनीही जरूर लिहा.

---

गोदाकाठ

शेवंतीताई, वाचता वाचता थांबले दोनदा.

बाळाच्या आडून, यात मला शंका नाही. आपल्या जात्यावरच्या ओव्या आठवा. सासुरवाशिणीला घरात कुणाशी बोलायची सोय नाही, पण पहाटे जात्याच्या घरघरीत ती सगळं बोलते. भावाची वाट, सासूचा जाच, मेलेल्या लेकराचं नाव. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यात देवाधर्माच्या ओव्या आहेत तसं हे न बोललेलंही केवढं तरी आहे. दळणाचं काम हे तिथं निमित्त. 'मी कुठं रडतेय, मी तर दळतेय.' तसंच इथं, 'मी कुठं रडतेय, मी तर बाळ झोपवतेय.'

फरक एकच जाणवतो. जात्यावर समोर दुसरी बाई असते, ती ओवी उचलून पुढं नेते. लोरीत समोरचा ऐकणारा असा आहे की त्याला एक शब्द कळत नाही. यापेक्षा भरवशाचा ऐकणारा कुठं मिळणार?

---

सूरपेटी

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

गाण्याच्या अंगानं थोडं. अरबी-तुर्की-इराणी संगीतात 'कुर्द' नावाचा एक मकाम (आपल्या रागासारखा प्रकार) आहे, नाव या लोकांवरूनच. त्याचे स्वर आपल्या पेटीवर लावून बघा: सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध म, प, कोमल ध, कोमल नी. म्हणजे थेट भैरवी थाट. सुरांची शिडी तीच. तिच्यावर चढण्या-उतरण्याची चाल मात्र वेगळी, त्यामुळे ऐकताना भैरवी गातायत असं वाटणार नाही. बयाती मकामात तर दुसरा स्वर कोमल आणि शुद्ध रिषभाच्या मध्ये कुठंतरी येतो, तो पेटीवर वाजतच नाही.

पण अंगाईला एवढा पसारा लागत नाही. मी ऐकलेल्या कुर्दी लोरी तीन-चार, फार तर पाच सुरांत संपतात. ताईंनी लिहिलंय ना, ओळ वरून सुरू होऊन पायरी पायरीनं उतरते आणि शेवट लांबतो. ही उतरती चाल कुर्दी शोकगीतांतही आहे. पायाची झुलवणी आणि हाताची थाप काढून टाका, सूर तेवढाच ठेवा, की लोरी आणि विलाप यांच्यात कान फसतो. दापीरचं बाळ झोपल्यावर त्यांची पावलं हलत होती का? थाप चालू होती का? आठवत असेल तर सांगा, मला हे महत्त्वाचं वाटतं.

---

शेवंती

@सूरपेटी, काय नेमका प्रश्न विचारलात. पावलं थांबली होती. थाप चालू होती, पण बाळाच्या छातीवर नाही, स्वतःच्या मांडीवर. हे मी तेव्हा पाहिलं होतं आणि त्याचा अर्थ मला आत्ता, तुमचा प्रतिसाद वाचून लागला.

---

गोदाकाठ

बाई गं.

---

भटक्या_विमुक्त

मी चार वर्षं इराकी कुर्दिस्तानात होतो, सुलेमानियाजवळ एका प्रकल्पावर. तिकडे सोरानी. लेकराला 'रोले' म्हणतात, आणि मोठ्या माणसालाही मायेनं 'रोले' म्हणतात. आमच्या कॅन्टीनचे काका मला पस्तिसाव्या वर्षी रोले म्हणायचे.

तिथला एक सहकारी रोज रात्री नऊला कंटेनरच्या मागं जाऊन उभा राहायचा, व्हिडिओ कॉल लावून. पलीकडे त्याची दीड वर्षाची मुलगी. तो 'लायेलाये' म्हणायचा. थंडीत हात खिशात, फोन पाइपावर टेकवलेला, आणि हा उभ्या उभ्या डोलतोय. जसं काही मूल हातातच आहे. मी एकदा विचारलं, हे तर आयांचं गाणं ना? तो म्हणाला, आईचंच म्हणतो, शब्दही तिचेच, 'बाप दूर गेलाय' असं त्यात आहे ते बदलत नाही. बाप स्वतःच गातोय की बाप दूर गेलाय. ते ऐकल्यापासून मी अंगाईकडे निराळ्या नजरेनं बघायला लागलो.

त्याच्याचबरोबर एकदा हलब्जाला गेलो होतो. १६ मार्च १९८८ ला सद्दामच्या विमानांनी तिथं विषारी वायू सोडला, सुमारे ५,००० माणसं गेली. तिथं एका माणसाचा पुतळा आहे, उमर खावर. तान्ह्या मुलाला छातीशी धरून उंबऱ्याशी पालथा पडलेला. त्या दिवशीच्या छायाचित्रावरून केलाय. माझा मित्र तिथं काहीच बोलला नाही. त्या रात्रीचा कॉल नेहमीपेक्षा खूप लांबला, एवढं मला माहीत आहे.

---

स्पष्ट_बोलतो

लेखन चांगलं आहे. पण मला एक खटकतं. अंगाई ही जगातली सगळ्यात निरागस गोष्ट. तीत विस्थापन, नरसंहार, राजकारण आणायलाच हवं का? आई बाळाला झोपवते, संपलं. आपण अभ्यासू लोक तिच्यावर आपले अर्थ लादतो असं वाटतं.

---

शेवंती

@स्पष्ट_बोलतो, तुमचा मुद्दा मी गांभीर्यानं घेते, कारण अर्थ लादण्याची भीती मलाही आहे. पण इथं राजकारण आईनं आणलेलं नाही. ते तिच्या पाळण्यापर्यंत आलं.

तुर्कस्तानात १९८३ साली २९३२ क्रमांकाचा एक कायदा झाला. त्यात 'कुर्दी' हा शब्दसुद्धा नव्हता. तुर्की नागरिकांची मातृभाषा तुर्की, एवढं म्हणून कुर्दीसारख्या भाषांतलं प्रकाशन-प्रसारण बंद करून टाकलं होतं. १९९१ च्या एप्रिलमध्ये तो रद्द झाला. पण कुर्दी भाषेवरचा दाब त्याच्या कितीतरी आधीचा, प्रजासत्ताकाच्या सुरुवातीच्या वर्षांपासूनचा. शाळेत कुर्दी नाही, छापील कुर्दी नाही. कुर्दी ऐकायचं तर सीमेपलीकडून, आर्मेनियातून येणारं येरेवान रेडिओ, तिथं १९५५ पासून कुर्दी कार्यक्रम लागायचे. दापीर सांगतात, शेजारी जमायचे, दार लावून घ्यायचे, आवाज बारीक.

अशा वेळी मुलाच्या कानावर आईची भाषा पडायची जागा कुठली? पाळणा. दापीरचा मुलगा, म्हणजे बाळाचा बाप, सात वर्षांचा होऊन शाळेत गेला तेव्हा त्याला तुर्कीचा एक शब्द येत नव्हता. आज त्याची तुर्की आणि जर्मन दोन्ही उत्तम, आणि कुर्दी? त्याचंच वाक्य देते: 'माझी कुर्दी लहान मुलाची आहे.' त्याला कोकरू, झोप, चांदणं, आई, दूध हे शब्द येतात. कर, करार, निवडणूक हे येत नाहीत.

ज्या भाषेत फक्त अंगाई उरते, त्या भाषेतली अंगाई निरागस कशी राहील? तिच्यावर सगळ्या भाषेचं ओझं येऊन पडतं.

---

स्पष्ट_बोलतो

'माझी कुर्दी लहान मुलाची आहे.' हे वाक्य लागलं. माझा पुतण्या न्यू जर्सीत वाढला, त्याची मराठी अशीच आहे. अर्थात तिथं कुणी बंदी घातलेली नाही, तुलना होत नाही हे कळतं. माझा आधीचा आक्षेप मागे घेतो.

---

लिहिती

मला दुसऱ्या टोकाचा प्रश्न आहे. मी लंडनमध्ये एका कार्यक्रमात कुर्दी लोरी मंचावर ऐकली. गायिका अप्रतिम, मागं साथीला वाद्यं, अंधार. संपल्यावर टाळ्यांचा कडकडाट. आणि मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. अंगाईनंतर टाळ्या? ती लोरी होती की लोरीचं चित्र?

थोडी पार्श्वभूमी. कुर्दी गाण्यात 'देंगबेझ' म्हणजे शाहीर-कथेकरी यांची मोठी परंपरा. देंग म्हणजे आवाज, बेझ म्हणजे सांगणारा. वाद्याशिवाय, एकट्या आवाजावर तासन्‌तास कथा गातात. तुर्कस्तानातल्या दियारबाकीरमध्ये २००७ पासून त्यांच्यासाठी एक घरच आहे, जुन्या वाड्याच्या अंगणात बसून म्हातारे देंगबेझ आळीपाळीनं गातात. पण परक्या पुरुषांसमोर बाईनं गाणं हे फार काळ निषिद्ध. तरी काही गायिका झाल्या: मरियम खान बगदाद रेडिओवर गायल्या, आयशे शान दियारबाकीरच्या, त्यांनी गाण्यापायी घर आणि माणसं गमावली. म्हणजे ज्या बायांना अंगणात गायची परवानगी नव्हती, त्यांच्यापाशी दोनच गाणी बिनविरोध होती: मेलेल्यासाठीचं आणि झोपणाऱ्यासाठीचं.

आता तेच झोपणाऱ्यासाठीचं गाणं मंचावर येतं तेव्हा काय होतं? मिळतं काय आणि जातं काय?

---

सूरपेटी

जाते ती थाप. मंचावर ताल असतो, पण देह नसतो. अंगाईचा ठेका हा बाळाच्या श्वासाशी जुळवून घेत हळूहळू मंदावत जातो. गाणारी बाळाकडून लय घेते. मंचावर ती लय ठरलेली असते, शेवटी तर वाढवतात सुद्धा, कारण टाळ्या हव्या असतात.

---

लिहिती

बरोबर. पण त्या रात्री माझ्या शेजारी एक साठीचे कुर्दी गृहस्थ बसले होते. त्यांनी टाळी वाजवली नाही. मान खाली, दोन्ही तळवे मांडीवर. मध्यंतर झालं तरी तसेच. तेव्हा वाटलं, मंचावर बाळ नव्हतं हे खरं नाही. ते माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलं होतं.

---

भटक्या_विमुक्त

आर्मेनियातले येझिदी धर्माचे लोक कुरमांजीच बोलतात, त्यांच्यात यासाठी दोन वेगळे शब्दच आहेत. आनंदाचं ते 'स्त्रान', म्हणजे गाणं. दुःखाचं ते 'किलाम', म्हणजे बोल. सुरात असलं तरी त्याला गाणं म्हणत नाहीत, ते 'बोलणं' आहे. बोलण्याला टाळी कशी वाजवणार? लिहितीताईंना ओशाळल्यासारखं झालं ते यामुळंच असावं. लोरी स्त्रान म्हणून सुरू होते आणि बाळ झोपलं की किलाम होते. दापीरबद्दल वाचून मला तरी असंच वाटतं.

---

आजोळ

बहुतेक वेळ नुसती वाचते, आज लिहितेय. माझी आई वर्ध्याकडची. वडील मुंबईत गिरणीत, आई गावी. धाकट्याला झोळीत घालून झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची, हातानं तांदूळ निवडत. 'जो जो' करता करता मध्येच मुंबईचं पत्र आलं नाही ते म्हणायची. आम्ही मोठी भावंडं झोपल्याचं सोंग करून ऐकायचो. वडिलांबद्दल आईला काय वाटतं हे मला तिथूनच कळलं. म्हणजे अंगाई बाळाला कळत नाही हे खरं, पण त्याच खोलीत जागं असलेल्या दुसऱ्या पोराला कळते. कुर्दी घरात तर सगळी एकाच खोलीत झोपत असतील.

शेवंतीताई, एक विचारू का, मुलीसाठी आणि मुलासाठी लोरी वेगळी असते का?

---

शेवंती

@आजोळ, तुमचा प्रतिसाद दापीरना सुनेकरवी वाचून दाखवला. दोरी अंगठ्याला बांधण्यावर त्या जोरात हसल्या आणि उजव्या पायाचा अंगठा वर करून दाखवला. त्यांचीही तीच पद्धत, फक्त लांदिक लाकडाचा. आणि हो, 'मोठी पोरं जागी असतात, मला माहीत होतं', असं म्हणाल्या. म्हणजे काही बोल त्यांच्यासाठीच होते.

मुलामुलीबद्दल त्यांच्या गावचं सांगते. मुलाला: मोठा हो, घोड्यावर बस, नवरदेव हो. मुलीला: सुंदर हो, आणि लगेच पुढच्या ओळीत, कुणा दूरच्या घरी जाशील, तुला पाणी कोण विचारील. पाळण्यातल्या मुलीला सासरी पाठवून तिच्यासाठी रडून घ्यायचं. दापीर म्हणाल्या, मुलीची लोरी नेहमी लांब होते, कारण त्यात स्वतःचंही येतं.

एक गोष्ट मला फार आवडली. त्या बाळाला मध्येच 'दाये' म्हणतात, म्हणजे 'आई'. बापही मुलाला 'बावो' म्हणतो, म्हणजे 'बाबा'. आपण 'झोप गं बाई, माझी आई ती' असं विनवतो ना, तसंच.

अवांतर: कुर्दी ऐकताना आपले आकडे सापडतात. पेंज, हफ्त, हश्त, नेह, देह. पाच, सात, आठ, नऊ, दहा. शेवटी भाषांचं दूरचं कूळ एकच. 'खेव' आणि आपलं 'स्वप्न' हेही त्याच मुळाचे. बाळाची बोटं मोजताना दापीर 'पेंज' म्हणाल्या आणि मी 'पाच', तेव्हा आम्ही दोघी दचकलो होतो.

---

गोदाकाठ

ताई, रेकॉर्डिंग झालं का मग कधी?

---

शेवंती

नाही, आणि आता मी विचारत नाही. पण कालचं सांगते.

काल वर गेले तर दापीर स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या आणि बाळ सुनेच्या पायावर होतं. ही सून इस्तंबूलच्या शाळेत वाढलेली, घरात कुर्दी बोलायला कचरते, 'चुकेन' म्हणते. तिनं सुरुवात केली. 'लोरी लोरी, बर्खे मिन.' एवढंच, दहाबारा वेळा. आतून दापीर ओरडल्या, 'ओढ, शेवट ओढ, घाई कसली?' ती हसली. शेवट ओढला. मग दुसरी ओळ घेतली, अडखळत, आणि त्या ओळीत तिनं ते नाव घातलं. वाटेत गेलेल्या थोरलीचं.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

ती गात राहिली. बाळ टक्क जागं होतं, आईच्या तोंडाकडे बघत.